विश्लेषण : पुरुषांना रोज ध्यानाला बसवण्यासाठी खेळाची युक्ती चालते का?

रिकामी खोली, एक खुर्ची आणि १५ मिनिटे. मोबाइल नाही, पुस्तक नाही, डुलकीही काढायची नाही. नुसते बसायचे. फारच कंटाळा आला तर समोर एक बटण आहे, ते दाबले की विजेचा सौम्य झटका बसतो. अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ टिमथी विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला हा प्रयोग २०१४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. सहभागी झालेल्यांनी तो झटका आधी अनुभवला होता आणि पुन्हा बसू नये म्हणून पदरचे पैसे मोजायची तयारीही दाखवली होती. तरीही खोलीत एकटे सोडल्यावर १८ पुरुषांपैकी १२ जणांनी स्वतःला किमान एकदा झटका देऊन घेतला. महिलांमध्ये हे प्रमाण २४ पैकी ६ होते. एका पठ्ठ्याने तर तब्बल १९० वेळा बटण दाबले. त्याला सरासरीतून वगळावे लागले.

पुरुषांना उत्तेजनेची ओढ अधिक असते, असे कारण संशोधकांनी यामागे सुचवले. प्रयोग लहान होता, त्यावरून साऱ्या पुरुषजातीवर निकाल देता येत नाही. पण ध्यान शिकवणाऱ्यांना रोज भेटणारी अडचण त्यात नेमकी दिसते. ध्यानात बाहेरून पाहता काहीच घडत नाही, आणि त्या काहीच न घडण्यात टिकून बसणे हेच शिकायचे असते. अशा गोष्टीसाठी रोज सकाळी उठवणार कोण? गेल्या दहा-पंधरा वर्षांत मोबाइलच्या पडद्यावरून याचे एक उत्तर आले आहे, ते म्हणजे खेळ. गुण, बॅज, पातळ्या आणि सलग दिवसांची मोजणी.

पुरुष खरोखरच मागे आहेत?

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य सर्वेक्षणानुसार तिथे ध्यान करणाऱ्या प्रौढांचे प्रमाण २०१२ मध्ये ४.१ टक्के होते. २०१७ मध्ये ते १४.२ टक्क्यांवर गेले. पाच वर्षांत तिपटीहून अधिक वाढ झाली, तरी महिला (१६.३ टक्के) आणि पुरुष (११.८ टक्के) यांच्यातील अंतर राहिलेच.

त्याहून विचार करायला लावणारा अभ्यास ब्राऊन विद्यापीठातला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात १२ आठवड्यांचा ध्यानाचा अभ्यासक्रम घेतलेल्या ७७ विद्यार्थ्यांची पाहणी झाली. त्यात ४१ मुलगे आणि ३६ मुली होत्या. दोघांनी सराव साधारण सारखाच केला. अभ्यासक्रम संपला तेव्हा मुलींच्या नकारात्मक भावना कमी झाल्या होत्या, मुलग्यांच्या मात्र नाहीत. संशोधकांनी मांडलेले स्पष्टीकरण असे : मन दुखावले की स्त्रिया ते मनात घोळवत राहण्याची शक्यता जास्त, तर पुरुष लक्ष दुसरीकडे वळवतात. घोळवणाऱ्या मनाला ध्यान थोडे अंतर देते. वर्षानुवर्षे टाळत आलेल्या माणसाला मात्र ते आधी त्या टाळलेल्या गोष्टीसमोरच नेऊन उभे करते.

म्हणजे पहिले काही आठवडे पुरुषाच्या हाती फारसे काही लागत नाही. उलट बसल्यावर जरा जास्तच बेचैन वाटते. बक्षीस उशिरा मिळणार आणि त्रास आज होणार, असा हा व्यवहार आहे. खेळाची कल्पना नेमकी इथे उपयोगी पडते. खरे फळ हाती येईपर्यंतच्या काळात तो काही तरी लहानसे, ताबडतोब मिळणारे हातावर ठेवतो.

हा विषय हौसेमौजेपुरता नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १ लाख ७० हजार ९२४ जणांनी आत्महत्या केल्या. त्यांपैकी १ लाख २२ हजार ७२४ पुरुष होते. राज्यांच्या यादीत २२ हजार ७४६ आत्महत्यांसह महाराष्ट्र सर्वात वर होता. यामागे कर्ज, आजार, व्यसन, घरातले प्रश्न अशी अनेक कारणे असतात आणि ध्यान हा त्यांवरचा इलाज नाही. पण मनाकडे लक्ष द्यायची सवयच नसणे, मदत मागायला लाज वाटणे, हा पुरुषांच्या बाबतीतला जुना दुखरा भाग आहे. ‘जरा शांत बस आणि काय चालले आहे ते बघ’ असे सांगणारी कोणतीही वाट पुरुषांच्या अंगवळणी पडत असेल, तर ती कशी पडते हे पाहणे महत्त्वाचे ठरते.

अ‍ॅप नेमके काय करतात?

‘हेडस्पेस’ हे अ‍ॅप तिबेटी बौद्ध परंपरेत भिक्षू राहिलेले अँडी पडिकोम आणि त्यांचे सहकारी रिच पिअरसन यांनी २०१० मध्ये सुरू केलेल्या कंपनीचे. ‘काम’ या प्रतिस्पर्धी अ‍ॅपची कथा मठातून नव्हे, खेळाच्या दुकानातून सुरू होते. त्याचे एक संस्थापक मायकेल अ‍ॅक्टन स्मिथ यांच्या कंपनीने त्याआधी ‘मोशी मॉन्स्टर्स’ हा मुलांचा ऑनलाइन खेळ लोकप्रिय केला होता. मुलांना रोज पडद्याकडे परत कसे आणायचे, हे कोळून प्यालेला माणूस मोठ्यांना डोळे मिटायला लावण्याच्या धंद्यात आला, यात नवल काहीच नाही. दोन्ही कामांतली खरी कसोटी एकच, उद्या परत येणे.

त्यासाठीचे सर्वात धारदार हत्यार म्हणजे ‘स्ट्रीक’, म्हणजे सलग किती दिवस झाले त्याचा आकडा. भाषा शिकवणाऱ्या ‘डुओलिंगो’ने तो घराघरात पोहोचवला. आकडा १० वर असताना चुकले तर चुटपुट लागते, १०० वर असताना चुकले तर दिवस वाईट जातो. मिळवण्याच्या आनंदापेक्षा गमावण्याचे दुःख माणसाला मोठे वाटते, हा वर्तन-अर्थशास्त्रातला प्रसिद्ध सिद्धांत इथे रोखीने वापरलेला असतो. ‘इनसाइट टायमर’ या अ‍ॅपमध्ये आणखी एक साधी गोष्ट आहे. घंटा वाजून बैठक संपली की त्या वेळात जगभरात आणखी किती जण बसले होते, ते दिसते.

तरीही लोक टिकतात का? २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मानसिक आरोग्याच्या ९३ अ‍ॅपचा प्रत्यक्ष वापर तपासला गेला. अ‍ॅप घेतल्यानंतर १५ दिवसांनी ते उघडणारे जेमतेम ३.९ टक्के आणि ३० दिवसांनी ३.३ टक्के उरत होते. हा मध्यक आहे, काही अ‍ॅपचे आकडे बरेच बरे होते. तरी एकूण चित्र स्पष्ट आहे : नव्याची नवलाई नऊ दिवस. नुसते बॅज चिकटवून हा प्रश्न सुटलेला नाही.

जपमाळ हा ‘गेम’ होता का?

मोजणी, टप्पे आणि सलग नेम या गोष्टी मोबाइलने शोधलेल्या नाहीत. १०८ मण्यांची माळ हे मोजणीचेच साधन. मेरुमणी आला की तो ओलांडायचा नाही, माळ फिरवून पुन्हा मागे यायचे. एक फेरी पूर्ण झाल्याची खूण हाताला आपोआप कळते, डोळे उघडावे लागत नाहीत. रामनामाच्या लिखित जपाच्या वह्या आजही भरल्या जातात. टाकळीला समर्थ रामदासांनी तेरा कोटी जप केल्याचे परंपरा सांगते. एवढा मोठा आकडा ऐकूनच साधकाला हुरूप येत असणार. ज्ञानेश्वर आणि निवृत्तिनाथांच्या नावाशी परंपरेने जोडला गेलेला मोक्षपट तर उघडच खेळ होता. सापशिडीच्या पटावर पाप-पुण्याचे घर मांडलेले.

जप आणि ध्यान एकच नव्हे, पण ‘रोज बसायचे कसे’ हा दोघांचाही प्रश्न सारखा आहे. या परंपरेतल्या दोन गोष्टी आजच्या अ‍ॅप बनवणाऱ्यांनी बारकाईने पाहण्यासारख्या आहेत.

पहिली, गोमुखी. जप करताना माळ धरलेला हात ज्या कापडी पिशवीत ठेवायचा, ती पिशवी. कितवा मणी चालला आहे, हे शेजाऱ्याला दिसत नाही. मोजणी आहे, पण तिचे प्रदर्शन नाही. मोबाइलवरचा लीडरबोर्ड याच्या बरोबर उलट वागतो.

दुसरी, गावोगावचा अखंड हरिनाम सप्ताह. सात दिवस वीणा जमिनीवर टेकवायची नाही, हा दंडक. पण एकच माणूस सात दिवस उभा राहत नाही. पहारे लागलेले असतात. एकाचा पहारा संपला की तो वीणा दुसऱ्याच्या गळ्यात देतो आणि घरी जाऊन झोपतो. ‘अखंड’ असते ती वीणा, माणूस नव्हे. आजच्या भाषेत सांगायचे तर स्ट्रीक गावाची असते. एक जण दमला म्हणून ती तुटत नाही, आणि आपला पहारा आहे म्हटल्यावर एरवी आळशी असलेला गडीही पहाटे तीनला हजर होतो.

जाता जाता हुतूतूचीही आठवण काढायला हवी. एका दमात शब्द घोकत प्रतिपक्षाच्या अंगणात जायचे आणि दम तुटायच्या आत परत यायचे. श्वासावर लक्ष ठेवण्याचा याहून मर्दानी समजला जाणारा खेळ मराठी मुलुखात दुसरा नाही. त्याला कुणी ध्यान म्हटले नाही, म्हणून तर सगळे खेळले.

शरीराच्या खुणांवर चालणारे खेळ

अ‍ॅपमधले गुण आणि बॅज बैठकीच्या बाहेरचे असतात. त्याहून वेगळा प्रकार म्हणजे ध्यान हाच खेळ करणे. २००३ च्या सुमारास अमेरिकेत ‘द जर्नी टू वाइल्ड डिव्हाइन’ नावाचा संगणकावरचा खेळ आला. बोटांना तीन सेन्सर लावायचे. हृदयाच्या ठोक्यांतले चढउतार आणि त्वचेचा ओलावा त्यातून मोजला जाई. श्वास संथ झाला की पडद्यावरचे दार उघडे; घाई केली की बंदच राही. २०११ मध्ये दीपक चोप्रा यांच्या नावाने ‘लीला’ हा खेळ गेमिंग कन्सोलवर आला. कॅनडातल्या एका कंपनीची ‘म्यूज’ ही कपाळपट्टी २०१४ पासून बाजारात आहे. ती मेंदूतील विद्युत लहरी टिपते. मन भरकटले की कानात वादळवारा घोंघावतो, शांत झाले की वारा पडतो, आणि ती शांतता टिकली की पक्षी किलबिलतात. बैठकीच्या शेवटी किती पक्षी मिळाले, याचा हिशेब.

विस्कॉन्सिन विद्यापीठात रिचर्ड डेव्हिडसन यांच्या संशोधन केंद्राने यंत्राशिवाय चालणारा साधा मार्ग काढला. ‘टेनॅसिटी’ या टॅबलेटवरच्या खेळात प्रत्येक श्वासाला पडद्यावर एकदा बोट टेकवायचे, पाचव्या श्वासाला दोनदा. एवढेच. पण ते सलग जमवून पाहावे! तिसऱ्या-चौथ्या फेरीत मन बाजारात गेलेले असते आणि बोट भलत्याच श्वासाला दोनदा टेकते. मधल्या इयत्तांतल्या ९५ मुलांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निम्म्यांनी हा खेळ दोन आठवडे रोज अर्धा तास खेळला, बाकीच्यांनी फळे कापायचा ‘फ्रूट निन्जा’. लक्ष देण्याशी निगडित असलेल्या मेंदूच्या भागांमधल्या जोडणीत बदल दिसला तो ‘टेनॅसिटी’ खेळणाऱ्यांत.

याच विद्यापीठातल्या आणखी एका गटाने २०१४ मध्ये श्वास मोजणे ही सजगतेची कसोटी म्हणून वापरता येते, हे दाखवले होते. एक ते आठ श्वासांना एक कळ, नवव्याला दुसरी. ज्यांची मोजणी बिनचूक, त्यांचे मन कमी भरकटणारे निघाले. ‘मी ध्यान करतो’ असे सांगणे सोपे असते, पण नववा श्वास खोटे बोलू देत नाही.

पुरुष खेळाला बळी पडतात, हे कशावरून?

बळी हा शब्द कठोर वाटेल, पण इथे तो चांगल्या अर्थाने घ्यावा. स्कॉटलंडमध्ये ‘फुटबॉल फॅन्स इन ट्रेनिंग’ नावाचा उपक्रम झाला. वजन कमी करण्याच्या वर्गांकडे न फिरकणाऱ्या ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांना त्यांच्या आवडत्या १३ व्यावसायिक फुटबॉल क्लबांच्या मैदानांवर बोलावले गेले. १२ आठवडे, क्लबच्याच प्रशिक्षकांबरोबर. ७४७ पुरुषांवरच्या चाचणीचे निष्कर्ष २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. वर्षभरानंतरही भाग घेतलेल्यांचे वजन इतरांच्या तुलनेत सरासरी सुमारे पाच किलोने अधिक घटलेले होते. सल्ला नेहमीचाच होता. बदलली ती जागा आणि सोबत.

चालण्याच्या सवयीवरचे दोन प्रयोग ध्यानाच्या दृष्टीनेही बोलके आहेत. २०१७ मधल्या ‘बी फिट’ चाचणीत अमेरिकेतील ९४ कुटुंबांतल्या २०० जणांचा सहभाग होता. खेळ खेळणाऱ्या कुटुंबाला दर आठवड्याला सुरुवातीलाच ७० गुण दिले जात. रोज चिठ्ठी टाकल्यासारखे घरातले एक नाव निघे. त्या माणसाने आदल्या दिवशीचे पावलांचे लक्ष्य गाठले असेल तर गुण शाबूत, नसेल तर सगळ्यांचे १० गुण गेले. उद्या नाव आपले निघेल का, हे कुणालाच माहीत नसल्याने सगळेच चालत. १२ आठवड्यांत खेळणाऱ्या कुटुंबांत रोजची पावले सरासरी १,६६१ ने वाढली, नुसता हिशेब ठेवणाऱ्या कुटुंबांत ६३६ ने. खेळ थांबल्यावर फरक कमी झाला, पण पुसला गेला नाही.

पुढच्या ‘स्टेप अप’ चाचणीत एका मोठ्या सल्लागार कंपनीतील ६०२ जाड कर्मचारी होते, आणि त्यांच्यात बहुसंख्य पुरुष. काहींना घरच्या माणसाचा पाठिंबा, काहींना गटाने मिळून लक्ष्य गाठण्याचे काम, तर काहींना तिघातिघांत स्पर्धा, अशा तीन तऱ्हा. तिन्ही चालल्या. मात्र खेळ संपल्यावर तीन महिन्यांनीही ठळक फरक उरला तो फक्त स्पर्धेच्या गटात. ‘स्पर्धा वाईट’ असे सरसकट म्हणणाऱ्यांना हा निष्कर्ष पचायला जड आहे.

खेळाडूंच्या जगात तर ध्यानाला केव्हाच मान मिळाला. बास्केटबॉलचे प्रशिक्षक फिल जॅक्सन यांनी शिकागो बुल्स आणि लॉस एंजेलिस लेकर्स या संघांना मिळून ११ विजेतेपदे मिळवून दिली. मायकेल जॉर्डन आणि कोबी ब्रायंटसारखे खेळाडू हाताशी असतानाही त्यांनी ध्यानशिक्षक जॉर्ज ममफोर्ड यांना संघाबरोबर ठेवले. मायामी विद्यापीठाच्या १०० अमेरिकन फुटबॉल खेळाडूंवरचा २०१७ चा अभ्यास चार आठवड्यांचा होता. कडक सरावाच्या दिवसांत लक्ष आणि मनःस्वास्थ्य घसरतेच. ज्यांनी ध्यानाचा सराव अधिक नेमाने केला त्यांची घसरण कमी झाली. नुसते वर्गाला नाव घातलेल्यांना तेवढा लाभ नाही. म्हणजे गाडी पुन्हा त्याच स्थानकावर येते. रोज बसणार कसे?

मोजायचे काय, इथेच गोम आहे

पावले मोजणे आणि मन मोजणे यांत मोठा फरक आहे. पाऊल पडले की पडले. ध्यानात मात्र ‘आज किती शांत वाटले’ याला गुण दिले की माणूस शांत होण्याऐवजी शांततेची वाट पाहत बसतो. कपाळपट्टीवर पक्षी किलबिलला, की ‘आला!’ म्हणून मन उडी मारते आणि तो पक्षी उडून जातो. स्पर्धेची सवय असलेला पुरुष तर शेजाऱ्याला बारा पक्षी आणि आपल्याला चारच, म्हणून चिडून उठेल. झोप येत नसताना झोपेसाठी धडपडण्यासारखेच हे.

ध्यानाच्या दृष्टीने चांगली बैठक कोणती? दहा मिनिटांत मन वीस वेळा पळाले आणि वीस वेळा ध्यानात आले, की ‘अरे, पळालो होतो’, आणि श्वासावर परत आणले. ही वाईट बैठक नव्हे. तालमीत जोर काढताना खाली गेल्याबद्दल कुणी गुण कापत नाही. खाली गेल्याशिवाय वर येणे नाही. प्रत्येक परत येणे हा एक जोर. ‘म्यूज’च्या अ‍ॅपमध्ये पक्ष्यांबरोबर मन किती वेळा परत आले याचीही नोंद दिसते, आणि त्या यंत्रातली तीच नोंद सर्वात शहाणी म्हणायला हवी. मोजायचेच असेल तर एक तर हजेरी मोजावी, नाही तर परत येणे मोजावे. शांतता मोजू नये.

दुसरा धोका बक्षिसाचा. १९७३ मध्ये स्टॅनफर्डमधल्या बालवाडीत मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी एक प्रसिद्ध प्रयोग केला. चित्रे काढायची आवड असलेल्या मुलांपैकी काहींना ‘चित्र काढ, मग प्रमाणपत्र मिळेल’ असे आधीच सांगितले. एक-दोन आठवड्यांनी ही मुले मोकळ्या वेळात चित्रांकडे इतरांच्या निम्म्यानेच वळली. बक्षीस न सांगता मिळालेल्या मुलांवर असा परिणाम झाला नाही. मात्र हा इशारा आधीच आवड असलेल्यांसाठी आहे. ज्याला ध्यानाची गोडीच नाही, त्याची गोडी बक्षिसाने कमी कशी होणार? म्हणून सुरुवातीला खेळ आणि गोडी लागल्यावर खेळ बाजूला, हा क्रम सयुक्तिक ठरतो. अडचण एवढीच, की अ‍ॅपच्या धंद्याला दुसरी पायरी परवडत नाही. वर्गणी चालू राहायची तर खेळही चालू राहायला हवा.

तिसरे, स्ट्रीक तुटल्यावरचे मन. ४७ दिवस बसलेला माणूस लग्नाच्या धावपळीत एक रात्र चुकतो. पडद्यावर शून्य. ‘गेलेच सगळे’ म्हणून तो पुढचे ४७ दिवस बसत नाही. वास्तविक काहीच गेलेले नसते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली यांनी ९६ जणांच्या नव्या सवयी कशा जडतात, याचा माग काढला होता. एखादी कृती आपोआप होऊ लागायला मध्यक ६६ दिवस लागले. कुणाला १८, कुणाला २५४ लागतील असा हिशेब निघाला. मधे एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यात फारसा फरक पडला नाही. म्हणजे शून्य हा आकडा अ‍ॅपचा आहे, मेंदूचा नाही. २१ दिवसांत सवय लागते, या व्हॉट्सअ‍ॅपी समजुतीलाही या अभ्यासात आधार नाही.

आणखी एका गोष्टीकडे काणाडोळा नको. खेळात पातळी वाढते तशी वेळही वाढवली जाते : १० मिनिटे, २०, ४५. काहींना दीर्घ ध्यानात भीती दाटून येणे, जुने आघात उफाळणे, झोप उडणे असे अनुभव येतात. ‘लेव्हल’ गाठायची म्हणून अशा वेळी नेटाने बसून राहणे हे शहाणपण नव्हे. तिथे थांबावे आणि जाणत्या शिक्षकाशी किंवा डॉक्टरांशी बोलावे. सतत उदास वाटणे, जगणे नकोसे होणे यांवर तर कोणत्याही अ‍ॅपच्या भरवशावर राहू नये. केंद्र सरकारच्या ‘टेली मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक २४ तास मोफत उपलब्ध आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.

इगतपुरीहून परतल्यावर

खेळाविना हे जमतच नाही असे नाही. इगतपुरीच्या धम्मगिरीवर सत्यनारायण गोयंका यांच्या पद्धतीने १९७६ पासून विपश्यनेची दहा दिवसांची शिबिरे चालतात. मोबाइल जमा, मौन, पहाटे चारची घंटा. ना गुण, ना बॅज. पुरुषही दहा दिवस टिकतात, कारण सगळे सोबत बसलेले असतात आणि उठून जायला तोंड नसते. कसोटी लागते ती घरी आल्यावर. सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास बसा, असे तिथे सांगितले जाते. लोकल, शिफ्ट, मुलांची शाळा यांत त्यातला सकाळचा तास आधी जातो आणि संध्याकाळचा त्याच्या मागोमाग. म्हणूनच साधकांना आठवड्यातून एकदा सामूहिक साधनेला यायला सांगतात. सप्ताहातला पहारा आणि ‘बी फिट’मधली चिठ्ठी यांचेच हे तिसरे रूप : कुणी तरी आपली वाट पाहत आहे.

त्यामुळे घरी, सोसायटीत किंवा कार्यालयातल्या चार मित्रांत असा खेळ मांडायचा झाला, तर महागडे यंत्र लागत नाही. चौघांचा एक गट पुरे. दहा मिनिटे, श्वास एक ते नऊ मोजत. चुकले की पुन्हा एकपासून. आठवड्याच्या सुरुवातीला गटाला ७० गुण देऊन टाकायचे. रोज रात्री एक चिठ्ठी. ज्याचे नाव निघेल तो त्या दिवशी बसला नसेल तर सगळ्यांचे १० गुण जातील. प्रत्येकाला आठवड्याला एक हक्काची रजा, तिचे कारण विचारायचे नाही. गुण फक्त हजेरीला. ‘कसे वाटले’ याला गुण नाहीत, ते सांगायचे असेल तर चहाच्या टपरीवर सांगावे, नाही तर राहू द्यावे. पैसे लावायचे नाहीत. हरणाऱ्याने मिसळ द्यायची इतपत ठीक.

बारा आठवड्यांनी खेळ थांबवायचा आणि गटावर महिनाभर या विषयाचे एक अक्षरही लिहायचे नाही. महिन्यानंतर चौघांनी भेटून एवढेच सांगायचे, की कोण अजून बसतो आहे. दोघे बसत असतील तर त्या दोघांना आता खेळ नको. उरलेल्या दोघांसाठी नवी चिठ्ठी, नवे ७० गुण.